अंगणातली कण्हेर

कल्याणहून भिवंडीकडे निघाले, की खाडीपलीकडे कोन गाव लागते. इथल्या पावसात कण्हेर चांगली जगते. मृगाचा पाऊस पडला, की वीतभर लांब, बोटाएवढी जाड फांदी घ्यावी. दोन डोळे मातीत जातील अशी लावावी. जागा उन्हाची हवी. मुळाशी पाणी साचू देऊ नये. फुले देवाला होतात.

पण बाबांनो, एक ध्यानात ठेवा. कण्हेरीचे पान, फूल, मूळ, चीक, सारेच विषारी. हे विष काळजावर चालते. पान वाळले तरी विष जात नाही. म्हणून गोठ्याजवळ कण्हेर लावू नका. छाटलेला पाला गुरांपुढे टाकू नका, चुलीत जाळू नका, खोल पुरा. पोराने पान चावले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा.