खोबरं, ठेचा आणि खसखस

दुबईतला ऊद मेथा हा भाग तिथल्या भारतीयांच्या चांगल्या ओळखीचा आहे. इंडियन हायस्कूल इथेच, इंडिया क्लब इथेच, आणि ग्रीन लाइनवरच्या ऊद मेथा स्थानकातून युनियनला गाडी बदलली की टर्मिनल १ आणि ३ पर्यंत मेट्रोनेच जाता येतं. अशा भागातल्या मराठी घरांत दिवाळीच्या सुमारास आईवडील पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून येतात, तेव्हा सामानाची सगळी चिंता वजनकाट्याभोवती फिरते. तिकिटावर लिहिलेल्या किलोंत बॅग बसली की जिंकलो, अशी समजूत असते. वजनाचा नियम मात्र सगळ्या नियमांत सौम्य आहे. वजन जास्त भरलं तर पैसे भरून किंवा दोन डबे काढून सुटका होते. बॅगेत काय आहे यावरून अडलं, तर ती वाट उरत नाही. म्हणून ‘किती नेता येईल’ यापेक्षा ‘ही वस्तू कोण अडवेल आणि का’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आईने भरलेल्या एकाच पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, बाटलीभर ठेचा आणि खसखशीत थापलेले अनारसे असतात. खोबरं अडतं ते विमानात आग लागू नये म्हणून. केबिनमध्ये घेतलेला ठेचा अडतो तो घातपात होऊ नये म्हणून. खसखस अडते ती उतरल्यावर, त्या देशाच्या कायद्यामुळे. तिन्ही ठिकाणी अडवणारी यंत्रणा वेगळी, तिचं कारण वेगळं आणि अधिकारही वेगळे. मुंबईच्या काउंटरवर बॅग घेतली म्हणजे दुबईत सगळं चालतं, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. काउंटरवरच्या माणसाने त्याच्यापुरती तपासणी केलेली असते, पुढच्या दोघांच्या वतीने शब्द दिलेला नसतो.

खोबऱ्याचं आश्चर्य अनेकांना वाटतं. पूजेत, ओटीत आणि वाटणात असणारी ही वस्तू धोकादायक कशी? सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि बंद, उबदार जागेत ते आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं. म्हणून आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या नियमांत खोबरं स्वतः पेटू शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात आहे. भारताच्या नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरोने 2022 मध्ये चेक-इन सामानात त्याला मनाई केली. सामानकक्षातली आग कोणाला दिसत नाही आणि तिथे हाताने विझवायला कोणी जाऊ शकत नाही, ही यातली खरी भीती आहे. ती काल्पनिक नाही. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून कोलोनकडे निघालेल्या यूपीएस कंपनीच्या मालवाहू बोइंग 747 मध्ये लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला आग लागली. वैमानिक दुबईकडे वळले, पण कॉकपिट धुराने इतकं भरलं की समोरची उपकरणं दिसेनात. विमान दुबईतच कोसळलं आणि दोघेही वैमानिक मरण पावले. पॉवर बँक चेक-इन बॅगेत का ठेवू देत नाहीत, याचं उत्तर या आगीत आहे. केबिनमध्ये धूर निघाला तर कोणाच्या तरी लक्षात येतो आणि पाणी ओतता येतं. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाआधीच एअर बुसानचं विमान जळालं आणि संशय वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून एमिरेट्सने प्रत्येकी एकच पॉवर बँक, तीही 100 वॅट-अवरपेक्षा कमी क्षमतेची, असं बंधन घातलं. विमानात ती वापरायची नाही आणि वरच्या कप्प्यात ठेवायची नाही. बाजारात मिळणारी 20,000 एमएएचची पॉवर बँक साधारण 74 वॅट-अवरची असते, म्हणजे या मर्यादेत बसते. क्षमतेचा आकडा पुसला गेला असेल, तर मात्र ती अडू शकते.

ठेच्याची गोष्ट ऑगस्ट 2006 पासूनची. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरून जाणारी विमानं उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघडकीला आला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या सामानासाठी 100 मिलिलिटरची मर्यादा आली. ठेचा पातळ नाही, श्रीखंड तर घट्ट, मग ते द्रव कसे, हा आक्षेप नेहमीचा. पण जॅम, तूप, चटणी आणि जेलीसारखं स्फोटक यांतला फरक साध्या एक्स-रेच्या चित्रात सहज कळत नाही. सेंद्रिय पदार्थ त्यात नारिंगीच दिसतात. काही विमानतळांवर आता त्रिमितीय चित्र देणारी यंत्रं आली आहेत आणि तिथे नियम सैल होत आहेत. तरी परतीचा विमानतळ किंवा वाटेतला थांबा जुन्याच यंत्रांवर असू शकतो. ठेचा चेक-इन बॅगेत, नीट बंद डब्यात ठेवला की प्रश्नच मिटतो.

खसखस मात्र कुठल्याही बॅगेत चालत नाही. ते अफूच्या बोंडातलं बी आहे आणि संयुक्त अरब अमिरातीत त्यावर बंदी आहे. अनारसे, करंजीचं सारण, डिंकाचे लाडू या सगळ्यांत ती आपण सवयीने घालतो; दुबईला जाणारा फराळ तिच्याशिवायच करायला हवा. विड्याच्या पानांनाही तिथे मनाई आहे. औषधांबाबत तर अधिक जपायला हवं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलची वेदनाशामक गोळी तिथे नियंत्रित आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आणि सरकारी पूर्वपरवानगी लागते. उलट दिशेनेही हे लागू आहे. ई-सिगारेट दुबईत दुकानात मिळते, भारतात 2019 च्या कायद्याने ती बंद आहे.

दुसऱ्याचं पार्सल नेण्याची आखातातली जुनी रीत याच कारणाने धोक्याची आहे. 2019 मध्ये मुंबईच्या एका जोडप्याला दोहा विमानतळावर अटक झाली. नातेवाइकाने सोबत दिलेल्या पाकिटात चरस होता. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटायला 2021 उजाडलं. माणुसकीच्या नात्याने नाही म्हणता येत नाही, असं कोणी म्हणेल. मग पाकीट उघडून स्वतः पाहावं आणि स्वतः पुन्हा बांधावं. देणाऱ्याने त्याचा राग मानू नये. ‘बॅग तुम्हीच भरली का’ हा प्रश्न निरर्थक औपचारिकता वाटत असेल, तर 23 जून 1985 आठवावा. एअर इंडियाच्या कनिष्क विमानात स्फोट होऊन 329 जण गेले. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरला चढवली गेली होती आणि तिचा मालक विमानात बसलाच नव्हता.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. नियम सारखे बदलतात, दोन विमान कंपन्यांचे जुळत नाहीत आणि जादा वजनाच्या शुल्कात सुरक्षेपेक्षा धंदा अधिक आहे. तरी त्यातही सगळं मनमानी नाही. एका बॅगेला 32 किलोची कमाल मर्यादा आहे ती ती उचलणाऱ्या कामगाराच्या पाठीसाठी. मार्च 2017 पासून दुबई विमानतळाने बॅगेची एक तरी बाजू सपाट हवी असा आग्रह धरला, कारण गोल गाठोडी यंत्राच्या पट्ट्यांवर अडकतात. कंपन्यांकडून मागायचं ते हे की तिकिटाबरोबर मनाईची यादी मराठीतही द्यावी, कारण बॅग बहुतेकदा भरते ती घरातली वडीलधारी बाई, आणि तिच्यापर्यंत इंग्रजी पीडीएफ पोचत नाही. तोवर हे काम ऊद मेथातल्या मुलांनी करावं. आईने फराळाची कढई चढवण्याआधी, म्हणजे दोन आठवडे तरी आधी, तिला फोन करून खसखस आणि खोबऱ्याच्या वाट्या वगळायला सांगाव्यात. वडिलांच्या गोळ्यांची नावं विचारून ती तपासावीत. आणि तिकिटावरचा टर्मिनल पाहावा, कारण टर्मिनल २ ला मेट्रोचं स्थानक नाही.