वजनकाट्याला न दिसणारा आजार

कॉलेजातल्या मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमांत परीक्षेचा ताण असतो, व्यसनमुक्ती असते. खाण्याच्या विकारांचं नाव मात्र क्वचितच निघतं. मेसमध्ये रोज ताट तसंच टाकून उठणाऱ्या मुलीला ‘नखरे’ म्हटलं की विषय मिटतो.

हाडं दिसू लागली तरच आजार, हा सगळ्यात घट्ट समज. तो ॲनोरेक्सियावरून, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या विकारावरून, पडला आहे. बुलिमियात माणूस अनावर खातो आणि मग उलटी किंवा अति व्यायाम करून ते ‘फेडतो’. वजन बहुधा चारचौघांसारखंच राहतं. पण वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यामुळे वर्षातून एकदा उंची-वजन लिहून घेणारी आरोग्य तपासणी इथे फारशी कामाची नाही.

हे मुलींचंच दुखणं, असंही म्हणतात. निदानाच्या निकषांतही त्याची छाया होती: ॲनोरेक्सियाच्या निदानासाठी पाळी बंद होण्याची अट असायची. ‘डीएसएम-५’ या अमेरिकी निदानपुस्तिकेने ती २०१३ मध्ये काढली. मुलांमध्ये हाच विकार जिमच्या शिस्तीआड लपतो आणि वर कौतुकही होतं. उपवासाचंही तसंच. चतुर्थी धरणं हा आजार नव्हे. पण मागच्या महिन्यापासून रोजच कसला ना कसला उपवास निघत असेल, तर विचारायला हवं.

‘मनावर घेतलं तर खाईल’ हे वाक्य सर्वांत घातक. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती मुलं चिडचिडी, एकलकोंडी झाली. दिवसभर जेवणाचाच विचार, कुणी तर पाककृती जमवत बसलं. पोटभर मिळू लागल्यावरही काहींना खाणं आवरेना. उपासमारच मन बदलते, ती अशी. म्हणून एकट्या समुपदेशकावर हे सोपवू नये. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ तिघेही लागतात. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट वाढणंही जिवावर बेतू शकतं.

प्रतिबंध म्हणजे एक व्याख्यान आणि कृश मुलींचे फोटो, असं समजणाऱ्यांनी ते न केलेलंच बरं. अशा व्याख्यानातल्या तपशिलांतून कुणी युक्त्याच उचलतं. मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांचा ‘बॉडी प्रोजेक्ट’ अमेरिकेतल्या अनेक कॅम्पसवर चालतो. त्यात छोट्या गटात विद्यार्थीच ‘बारीक म्हणजे सुंदर’ या कल्पनेविरुद्ध बोलतात, लिहितात. स्वतःच्या तोंडून निघालेला युक्तिवाद पटतो, हे त्यामागचं गमक. आपल्या हॉस्टेलांत हे करायला फार खर्चही येणार नाही.

आणि रूममेटने काय करावं? ‘किती बारीक झालीस’ म्हणू नये, ताटावर पहाराही ठेवू नये. एकांतात ‘जेवणाचा तुला त्रास होतोय असं वाटतं, डॉक्टरकडे मी सोबत येते’ एवढं म्हणावं. चक्कर, बेशुद्धी किंवा छातीत धडधड असेल तर थेट रुग्णालय गाठावं. मनातलं बोलायला सरकारची मोफत ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही.