जमिनीतील आयन : त्यांची घडण, त्यांची नावे व चोपण जमिनीची सुधारणा

कालव्याच्या भिजवणीखालील गावांत ‘जमीन बिघडली’ हे एकच निदान दोन निरनिराळ्या विकारांना लावले जाते. एका शेतात उन्हाळ्यात पांढरा थर फुटतो. दुसऱ्या शेतात माती काळपट दिसते, ओली असता चिकटते, वाळली म्हणजे दगडासारखी होते आणि तिच्यावर पाणी दिवसेंदिवस साचून राहते. पहिली जमीन क्षारयुक्त, तर दुसरी चोपण होय. पहिलीचा उपाय दुसरीस केला तर पाणी, पैसा व हंगाम वाया जातो. कित्येकदा जमीन पूर्वीपेक्षाही घट्ट होते. हा भेद माती परीक्षणाच्या अहवालात सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट अशा नावांनी लिहिलेला असतो. ही सर्व आयनांची नावे आहेत.

आयन म्हणजे काय?

प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूत मध्यभागी धनभारित प्रोटॉन असतात व त्यांच्याभोवती तितकेच ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही भार सारखे असल्यामुळे अणू विद्युतदृष्ट्या उदासीन राहतो. त्याने इलेक्ट्रॉन दिला किंवा घेतला की हा समतोल मोडतो. अशा भारित अणूस किंवा अणुगटास आयन म्हणतात. हे नाव मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये रूढ केले. ‘जाणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे.

सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असून ते २, ८ व १ अशा कक्षांत असतात. बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉन तो सहज देऊन टाकतो. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८ व ७ अशी असल्यामुळे त्यास बाहेरच्या कक्षेत एक इलेक्ट्रॉन हवा असतो. या देवघेवीतून मीठ तयार होते. येथे पुष्कळांचा घोटाळा होतो : इलेक्ट्रॉन दिला, तर भार वजा न होता अधिक कसा होतो? इलेक्ट्रॉन हे ऋण आहे, हे ध्यानात ठेवावे. ज्याचे ऋण एकाने कमी झाले त्याच्या खात्यावर एक धन उरते. ज्याने ते पत्करले त्याच्या खात्यावर एक ऋण चढते. म्हणून सोडियम हा एक धनभाराचा आयन झाला व क्लोरीनपासून एक ऋणभाराचा आयन झाला. कॅल्शियमच्या बाहेरच्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असतात. ते दोन्ही गेल्यामुळे त्याच्या आयनावर दोन धनभार येतात. चोपण जमिनीच्या सुधारणेचे सारे मर्म या एक व दोन यांच्या फरकात आहे.

कोरड्या मिठाच्या खड्यात आयन असतातच, पण ते जागच्या जागी जखडलेले असतात. पाण्यात मीठ विरघळले की ते सुटे होऊन हिंडू लागतात व पाण्यातून वीज वाहू देतात. अहवालातील ‘विद्युत वाहकता’ म्हणजे मातीच्या पाण्यात असे किती सुटे आयन आहेत, याचे माप होय.

नावे कशी वाचावीत?

धातूच्या आयनास मूलद्रव्याचेच नाव राहते : सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. लोहासारख्या धातूचे आयन दोन प्रकारचे असतात. दोन धनभारांच्या आयनास फेरस व तीन धनभारांच्या आयनास फेरिक म्हणतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट होय.

अधातूच्या एकट्या अणूचा आयन झाला की नावाच्या शेवटी ‘आइड’ येते, क्लोरीनपासून क्लोराइड. अधातू प्राणवायूशी जोडून अणुगट झाला असेल तर शेवटी ‘एट’ येते : गंधकापासून सल्फेट, नत्रापासून नायट्रेट, कर्बापासून कार्बोनेट. त्याच गटात प्राणवायू कमी असेल तर ‘आइट’ : सल्फाइट, नायट्राइट. अणुगटांपैकी अमोनियम हा धनभारित आहे. मिश्र नावात धन आयन आधी व ऋण आयन नंतर येतो. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट व जिप्सम म्हणजे पाण्याचा अंश असलेले कॅल्शियम सल्फेट.

मातीचा कण कोणास धरून ठेवतो?

चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋणभार असतो. त्यामुळे ते धन आयनांना धरून ठेवतात. क्लोराइड व नायट्रेट यांसारखे ऋण आयन पाण्याबरोबर खाली निघून जातात. अमोनियम मातीत टिकतो व नायट्रेट वाहून जातो, याचे कारण हेच. नत्र खत हप्त्याहप्त्याने द्यावे, या शिफारशीमागेही ते आहे.

कॅल्शियमचे दोन धनभार कणांना जवळ बांधून ठेवतात. त्यामुळे मातीची रवाळ घडण टिकते व पाणी आणि हवा खेळती राहते. सोडियमचा भार एकच असून त्याच्याभोवती पाण्याचे जाड वेष्टन असते. तो कणांना बांधू शकत नाही. कण सुटे होतात, छिद्रे बुजतात व जमीन चोपण होते.

अहवालावरून उपाय

विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रतिमीटरहून अधिक, सामू ८.५ हून कमी आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून कमी असेल तर जमीन क्षारयुक्त समजावी. तिचे क्षार सुटे असल्यामुळे चर काढून चांगल्या पाण्याने ते धुऊन निघतात.

वाहकता ४ हून कमी, पण सामू ८.५ हून अधिक व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर जमीन चोपण होय. येथे सोडियम कणांना धरून बसलेला असल्याने नुसत्या पाण्याने तो जात नाही. त्याच्या जागी कॅल्शियम आणून बसवावा लागतो.

वाहकता व सोडियम ही दोन्ही अधिक असतील तर जमीन क्षारयुक्त-चोपण असते. तिच्या बाबतीत विशेष सावध राहावे. सुटे क्षार असेपर्यंत तिची घडण बरी दिसते. केवळ पाण्याने क्षार धुतले तर सोडियम मागे राहतो व जमीन पक्की चोपण होते.

मृदा आरोग्य पत्रिकेत सामू व विद्युत वाहकता मिळते, परंतु सोडियमचे प्रमाण तिच्या ठरीव १२ घटकांत नाही. पांढरा थर किंवा साचणारे पाणी दिसत असेल तेथे ही तपासणी मुद्दाम मागून घ्यावी.

जिप्समचे कार्य

एक कॅल्शियम आयन दोन सोडियम आयनांना हुसकावतो. हिशेब केला असता १७२ किलो शुद्ध जिप्सममधील कॅल्शियम ४६ किलो सोडियमची जागा घेऊ शकतो. म्हणून जिप्समची मात्रा अंदाजाने न ठरवता प्रयोगशाळेच्या शिफारशीने ठरवावी. निघालेला सोडियम सल्फेटाच्या रूपात पाण्यात विरघळतो. त्यास बाहेर जाण्यास वाट नसेल तर तो शेतातच राहील. यासाठी क्रम असा ठेवावा : प्रथम निचऱ्याचे चर, मग बारीक जिप्सम मातीच्या वरच्या थरात मिसळणे, नंतर बांध घालून चांगले पाणी भरणे व शेवटी धैंच्याचे हिरवळीचे खत.

आपल्या पुष्कळ काळ्या जमिनींत चुनखडी असते; मग कॅल्शियम विकत कशाला आणावा, असा प्रश्न शेतकरी विचारतात. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्याने त्यातील कॅल्शियम मोकळा नसतो. अशा जमिनीत गंधक घातल्यास जिवाणू त्याचे आम्ल करतात व ते आम्ल चुनखडीतील कॅल्शियम मोकळा करते. या क्रियेस मात्र वेळ लागतो.

हा प्रश्न नवा नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ मध्ये सुरू झाले. आणि १९१० मध्येच हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांचा नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवरील अभ्यास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केला. पंचवीस वर्षांत चांगली जमीन बिघडू शकते, हा त्यातील धडा आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अहवालातील आकड्यांबरोबर आयनांची नावेही शेतकऱ्यांना समजावून द्यावीत. पाणी सोडण्यापूर्वी सोडियम किती आहे हे विचारण्याची सवय लागली, तर पुष्कळ एकर जमीन वाचेल.