आजोबांचं नाव, नातवाचं आडनाव

मॉरिशसच्या मराठी घरांत आडनाव विचारलं तर बाबाजी, सखाराम, भिवाजी अशी उत्तरं मिळतात. आपल्याकडे ही पाळण्यात ठेवलेली नावं. तिथं ती पिढ्यान्‌पिढ्यांची आडनावं होऊन बसली आहेत. त्यामुळे तिथला कुणी मूळ गाव शोधत रत्नागिरीत आला आणि 'सखाराम आडनावाची घरं कुठं आहेत?' असं विचारत फिरला, तर त्याच्या हाती काही लागणार नाही.

याचं मूळ फ्रेंच अमलात आहे. हे बेट १७१५ पासून फ्रेंचांकडे होतं. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं, पण तहात इथले कायदे आणि रीतिरिवाज राखण्याचं कबूल केलं. राज्य इंग्रजांचं आणि जन्म-लग्नाची नोंद फ्रेंच वळणाची, असा कारभार सुरू झाला. जन्मदाखल्यावर असेल तेच नाव माणसानं लावावं, असं फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९४ मध्येच ठरवून टाकलं होतं. त्या पद्धतीत कुटुंबाला एकच पक्कं नाव लागतं आणि ते बापाकडून मुलांना मिळतं.

१८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बेटावर उतरले. मुंबई बंदरातून गेलेले त्यात थोडे, आणि त्यांतले बरेचसे कोकणातले. त्या काळी आपल्या कागदांत सामान्य रयतेचं नाव 'अमुक बिन तमुक' असंच लिहीत. आडनाव घरी असलं तरी कागदावर क्वचितच येई. मॉरिशसला पोरं झाली, नोंदीत कुटुंबाचं नाव मागितलं गेलं, तेव्हा बापाचं स्वतःचं नाव त्या रकान्यात गेलं आणि कायमचं राहिलं.

शेजारच्या रियुनियन बेटावर याहून कठोर गोष्ट घडली. १८४८ मध्ये तिथली गुलामगिरी संपली आणि साठ हजारांवर माणसांना सरकारी वहीत एकदम आडनावं दिली गेली. ती बहुतेक कारकुनानं ठरवलेली. त्या नावाच्या मागे जाऊ पाहणाऱ्याची वाट त्या वहीपाशीच अडते. कोकणच्या गिरमिटियाकडे निदान पूर्वजाचं खरं नाव तरी उरलं, याचं मोल मला फार वाटतं.

एका बाबतीत मात्र फ्रेंच दप्तर आपल्यापेक्षा उजवं आहे. त्यात बाईचं माहेरचं नाव लग्नानंतरही टिकतं. आपल्याकडे लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलायची चाल होती. त्यामुळे वंशावळीत पणजोबा सापडतात, पण पणजी कुठली, कुणाची, हे कळत नाही.

आडनावावरून मूळ न सापडण्याचा प्रश्न आम्हा वऱ्हाडकरांना परका नाही. मेळघाटातल्या सेमाडोहच्या पोरांचे शाळा सोडल्याचे दाखले पाहा: कासदेकर, बेठेकर, जांबेकर. ही कोरकू आदिवासींची कुळं. त्यांच्या नावाला मराठी 'कर' जोडला गेला आणि कागदावर ती गावावरून पडलेली आडनावं वाटू लागली. कासदा नावाचं गाव शोधत मेळघाट पालथा घालण्यात अर्थ नाही. कुणाची सोयरीक कुणाशी होत नाही, हे म्हाताऱ्यांना विचारावं. सिडोली या मृत्यूनंतरच्या विधीच्या वेळी मृताच्या नावानं उभा केलेला लाकडी मुंडा पाहावा. त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले असतात. कोरकूंचं दप्तर तिथं आहे.

मॉरिशसकरांनीही आडनाव बाजूला ठेवून पूर्वजाचा क्रमांक धरावा. प्रत्येक गिरमिटियाला उतरताच क्रमांक मिळे. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती रजिस्टरं जपली आहेत. एकेका ओळीत नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरच्या खुणा, जहाज, जिल्हा, परगणा, गाव. १८६० च्या दशकापासून पुढं काहींचे फोटोही. रियुनियनचे जन्म-मृत्यूचे जुने दाखले तर फ्रान्सच्या एक्स-आँ-प्रोव्हान्समधल्या वसाहत-दप्तरानं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत.

गावाचं नाव हाती आल्यावर पुढचं काम आपल्याकडचं. ते कागद मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे बसवले, तेव्हा किती दप्तरं उघडता येतात ते दिसलं. तेच वाचक रत्नागिरीच्या जुन्या दप्तरांत बसवून 'बिन' च्या पुढचं नाव मोक्याच्या रजिस्टरातल्या बापाच्या नावाशी ताडून पाहता येईल, आणि ते काम लवकर सुरू व्हायला हवं.