समतोलातील उणीव

जमिनीखाली चालणाऱ्या कारभाराचे बऱ्हाणपूरकरांना नवल वाटू नये. सातपुड्याच्या कुशीत झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने शहराकडे आणणारा कुंडी भंडारा आपल्याकडे सतराव्या शतकापासून आहे. ते पाणी वरून दिसत नाही. ओळीने बांधलेल्या कुंड्यांवरून त्याचा मार्ग कळतो. दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्याचा माग काढण्याची हीच रीत उच्च-ऊर्जा भौतिकशास्त्रात आहे. बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीतही ती असावयास हवी, हे मी एका चुकीतून शिकलो.

जिनिव्हाजवळ सुमारे 100 मीटर खोलीवर, 27 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ हे यंत्र आहे. विरुद्ध दिशांनी धावणाऱ्या प्रोटॉनांची तेथे टक्कर घडवितात. हिग्ज बोसॉनचा शोध 4 जुलै 2012 रोजी जाहीर झाला तो येथील प्रयोगांतूनच. या यंत्रातील महाकाय चुंबकांना अचूक जागी तोलून धरणारे हजारो जॅक आपल्या शेजारच्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने भारतात तयार झाले. तेथील ‘सीएमएस’ या शोधकयंत्राचा बाह्य ऊर्जामापक उभारण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.

मला विशेष मोह पडला तो या ऊर्जामापकाचा. टकरीपूर्वी प्रोटॉन समोरासमोर येतात. आडव्या दिशेला त्यांचा संवेग जवळजवळ शून्य असतो. म्हणून टकरीनंतर चहूकडे उडालेल्या कणांच्या आडव्या संवेगाची बेरीजही शून्यच यावयास हवी. एका बाजूचा हिशेब तोकडा पडला, तर न्यूट्रिनोसारखा एखादा न दिसणारा कण तिकडून निसटला असावा, असा तर्क करता येतो. मात्र येथे एक पथ्य आहे. कधीकधी अदृश्य असे काहीच नसते; आतील मापकाला न अडवता आलेली ऊर्जा पुढे निघून गेलेली असते. ती पकडण्यासाठीच हा बाहेरचा थर आहे. उणीव दिसली की शास्त्रज्ञ प्रथम आपले माप तपासतो. माप बरोबर निघाले की मग त्या उणिवेची तो उपेक्षा करीत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे सात महिन्यांचे एक बाळ सर्दीसाठी आले होते. आजी कौतुकाने म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, आमचा नातू डावखुरा होणार बघा. खुळखुळा धरायचा तर डाव्याच हाताने!” मीही हसलो आणि सर्दीचे औषध लिहून दिले. उजव्या हाताची मिटलेली मूठ उघडून पाहिली नाही. चौदाव्या महिन्यात आधाराने पावले टाकताना बाळ उजवा पाय ओढू लागले, तेव्हा उजव्या अंगाच्या सेरेब्रल पाल्सीचे निदान झाले. मेंदू सर्वांत घडणशील असतो, त्या काळातील सात महिने हातचे गेले. आजींचे निरीक्षण अचूक होते. चुकलो तो मी.

निरोगी मूल चालू लागण्याचा काळ बराच मागेपुढे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात हा काळ सुमारे 8 ते साडेसतरा महिने इतका विस्तृत आढळला. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करून घाबरून जाऊ नये. पण पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात साधारण सारखेच वापरते. त्या वयात एकच हात पुढे येत असेल, तर ते डावखुरेपण किंवा उजवेपण समजू नये.

अर्थात येथेही आधी माप तपासावे. कडेवरच्या बाळाचा एक हात बहुधा अडकलेला असतो. खेळणेही कधी एकाच बाजूने पुढे केले जाते. म्हणून बाळाला मांडीवर सरळ बसवून खेळणे मधोमध धरावे. मग नेहमीचा हात हळुवार धरून ठेवावा आणि दुसरा पुढे येतो का ते पाहावे. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात. फरक पुन्हा पुन्हा दिसला, तर “होईल हळूहळू” असे न म्हणता तज्ज्ञाकडे पाठवावे. देखरेखीखाली चांगला हात काही वेळ बांधून ठेवून दुर्बल हाताला कामाला लावणारे उपचार आता तान्ह्या वयातही देता येतात.

ते बाळ आज तरुण आहे. त्याने सायकलचे दोन्ही ब्रेक डाव्या बाजूला बसवून घेतले आहेत. तो भेटतो, हसून बोलतो. माझी नजर मात्र त्या ब्रेकवर जाते. तेव्हापासून प्रत्येक आजीला मी आवर्जून विचारतो, “बाळ कोणता हात जास्त वापरतो?” आणि उत्तर काहीही आले तरी दोन्ही मुठी उघडून पाहतो. माझ्या तरुण सहकाऱ्यांनीही ही सवय लावून घ्यावी, एवढीच नम्र विनंती.