अपेंडिक्सची सूज : औषध कुणाला, शस्त्रक्रिया कुणाला?

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटाच्या उजव्या बाजूला खाली, काही सेंटिमीटर लांबीची नळी असते. तिला आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. तिचे एक टोक बंदच असते. विष्ठेचा खडा अडकून किंवा अन्य कारणाने दुसरे टोकही बंद झाले की आत जंतू वाढतात आणि नळी सुजते. दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकते. अन्नावरची वासना उडते, मळमळते, ताप येतो.

बॉस्टनचे डॉक्टर रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये या आजाराचे नीट वर्णन करून लवकर शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. तेव्हा दुसरा खात्रीचा उपाय नव्हता. येरवडा तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी हीच शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात झाले. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षे होती.

आज नळी फुटलेली नसेल, तर अँटिबायोटिक हा खरा पर्याय आहे. फिनलंडमध्ये ५३० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तीन दिवस शिरेतून आणि पुढे सात दिवस गोळ्यांच्या रूपात औषध दिले गेले. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया लागली नाही. मात्र पाच वर्षांत जवळजवळ ३९ टक्के रुग्णांचे दुखणे उलटले. अमेरिकेतील १,५५२ रुग्णांच्या २०२० मधील अभ्यासात औषध घेतलेल्या दर दहांपैकी तिघांवर ९० दिवसांतच शस्त्रक्रिया करावी लागली. नळीत खडा असलेल्यांत हे प्रमाण दहात चार होते.

म्हणून औषध देण्याआधी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनने निदान पक्के करावे लागते. नळी फुटून पोटात पू पसरला असेल, तर औषधावर विसंबता येत नाही. खडा दिसला, तरी शस्त्रक्रियाच अधिक भरवशाची ठरते. ती आता बहुधा दुर्बिणीने होते आणि दुखणे उलटण्याची चिंता जवळपास संपते. औषधाने पोटावरची चीर आणि भूल टळते, रुग्ण लवकर कामाला लागतो. पण पुढची काही वर्षे सावध राहावे लागते.

छत्तीसगडमध्ये ही सावधगिरी रायपूरमध्ये राहणाऱ्याला सोपी आहे. एम्स आणि मेकाहारा ही मोठी रुग्णालये शहरातच असल्याने पोट पुन्हा दुखताच तेथे पोहोचता येते. बस्तरमधल्या जगदलपूरहून मात्र रायपूर सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. बस्तरच्या आतल्या गावात परतणाऱ्या रुग्णाने जवळ सर्जन कुठे आहे, हे पाहूनच औषधाचा पर्याय निवडावा.

औषध दुकानातून गोळ्या आणून घरी केलेला उपचार म्हणजे हा पर्याय नव्हे. त्यात निदान लांबते आणि नळी फुटू शकते. उजवीकडे खाली सरकलेली, वाढत जाणारी पोटदुखी असेल, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.