उतारा लहान, तयारी मोठी

एडिसन, न्यू जर्सी : अकरावीतलं मूल असलेल्या इथल्या कुठल्याही मराठी घरी जा, चहाबरोबर सॅटचा विषय निघतोच. कॉलेज बोर्ड ही ना-नफा संस्था १९२६ पासून ही प्रवेशपरीक्षा घेते. गुण १६००, त्यातले निम्मे गणिताला आणि निम्मे वाचन-लेखनाला. करोनाच्या काळात बहुतेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली होती. २०२२ मध्ये एमआयटीने ती पुन्हा सक्तीची केली आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड यांनीही तोच निर्णय जाहीर केला. कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ मात्र प्रवेश देताना हे गुण पाहतच नाही.

आपल्या मुलांचं गणित सहसा अडत नाही. घोडं अडतं ते वाचनापाशी.

मार्च २०२४ पासून अमेरिकेत ही परीक्षा संगणकावर होते. पूर्वी पाचशे ते साडेसातशे शब्दांचे लांब उतारे असत आणि प्रत्येकावर दहा-अकरा प्रश्न. आता उतारा २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. व्याकरणाचे धरून ५४ प्रश्न, वेळ ६४ मिनिटं. पहिल्या निम्म्या भागात मूल कसं सोडवतं, त्यावर पुढचा भाग सोपा की अवघड हे ठरतं. उतारे लहान झाले म्हणून अनेक पालकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पुस्तकं बाजूला ठेवून युक्त्या शिकवणाऱ्या क्लासचे पैसे भरले. मला हे साफ चुकीचं वाटतं. एका मिनिटाला बेडूक, पुढच्या मिनिटाला एकोणिसाव्या शतकातली कविता, लगेच एखादा अर्थशास्त्राचा तक्ता. विषयाशी ओळख व्हायला उसंतच मिळत नाही. जे आधीपासून ठाऊक असेल तेच कामी येतं.

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे शिक्षकांच्या बोलण्यात नेहमी येतो. सातवी-आठवीच्या मुलांना त्यांनी बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुलं ही वाचनात पक्क्या, पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. मराठी वाचकाला हे पटवून द्यायला नको. 'गुगलीवर यष्टिचीत' हे वाक्य क्रिकेट न पाहिलेल्या माणसाला शब्दकोश घेऊनही कळणार नाही.

शेजारची मुलगी परवा सराव परीक्षा घेऊन आली. रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे काही तळ्यांत बेडकांची संख्या घटली, एवढंच उताऱ्यात होतं. तिने निवडलेला पर्याय म्हणत होता की हे मीठ गोड्या पाण्यातल्या सगळ्याच जीवांना घातक असतं. "पण काकू, ते खरंच असेल ना?" असेलही, उताऱ्यात नाही. तिच्या चुका आम्ही वहीत उतरवल्या, तर बऱ्याचशा याच जातीच्या निघाल्या : 'काही'चं 'सगळे', 'कदाचित'चं 'नक्की'. आता पर्याय झाकून ती आधी आपलं उत्तर एका ओळीत सांगते, मग पर्याय उघडते. ही सवय उपयोगाची आहे आणि काही आठवड्यांत लागते. ज्ञानाचा साठा मात्र आठवड्यांत होत नाही. त्याला रोज अर्धा-पाऊण तास विज्ञान, इतिहास, कादंबरी असं सलग वाचन लागतं, आणि तेही आठवी-नववीपासून.

या देशालाही तीच चिंता आहे. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत बारावीच्या मुलांची वाचनातली सरासरी १९९२ पासूनची सर्वांत कमी आली. जवळजवळ तिसरा हिस्सा मुलं किमान पातळीच्याही खाली होती. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत पुस्तकं फुकट मिळतात, तिथे ही अवस्था.

सॅट भारतातूनही देता येते. पुण्या-मुंबईच्या किंवा पणजीच्या ज्या घरांत हा बेत शिजतो आहे, त्यांना एवढीच विनंती : कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा मोफत आहेत, खान अकादमीवरचा अभ्यासही मोफत आहे. आधी तिथे एक परीक्षा सोडवून बघा, चुका वहीत लिहा, आणि त्यानंतरच क्लासची फी भरायची की नाही ते ठरवा.